खांद्याच्या उतारावरची सुई

मैदानावरच्या खेळाडूंनी तिचं नाव ‘सुईताई’ ठेवलं, तेव्हा तिच्या नवऱ्याला हसू आवरेना. कारण हीच बाई शाळेत असताना लस टोचून घ्यायच्या रांगेत, नंबर यायच्या आधीच चक्कर येऊन पडली होती, आणि पडताना पुढच्या मुलीलाही घेऊन पडली होती. ही गोष्ट तिच्या आईने जावयाला कधीच सांगून टाकलेली. त्यामुळे बायको सुया टोचण्यात नाव काढते आहे हे ऐकून तो म्हणाला, “अगं, आता मासा झाडावर चढला तरी मी विश्वास ठेवीन.”

ती फिजिओथेरपिस्ट होती. मैदानाच्या प्रेक्षकांच्या पायऱ्यांखाली तिची खोली. छत तिरकं, त्यामुळे उंच खेळाडू आत आले की आधी डोकं आपटायचे आणि मग दुखणं सांगायचे. एक तपासणीचा पलंग, त्यावर पसरायचा कागदाचा रोल, खुंटीला अडकवलेल्या रबरी पट्ट्या, वापरलेल्या सुया टाकायचा जाड डबा, आणि भिंतीत वर एक आडवी खिडकी. खिडकी मैदानाच्या जमिनीला लागून, म्हणून तिच्यातून फक्त पाय दिसायचे. पण इतकी वर्षं पाय बघून बघून ती नुसत्या चालण्यावरून सांगायची, “उंच उडीवाला आला. घोटा परत बांधलाय, म्हणजे माझं ऐकलेलं नाही.”

स्वभाव मात्र काळजीचा. साधीसुधी काळजी नव्हे. मुलगा दुसऱ्या गावी शिकत होता. त्याने फोन उचलला नाही तर तिच्या डोळ्यांसमोर तो रस्त्यात आडवा पडलेला असायचा, आणि तो बिचारा आंघोळ करत असायचा. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. दिवसभर विहिरीसारख्या अंधाऱ्या खोबणीत लोंबकळून यायचा आणि उशीला डोकं टेकलं की घोरायला लागायचा. तिला याचंच नवल वाटे. “मन चिंती ते वैरी न चिंती,” तो म्हणायचा, “ही म्हण ज्याने काढली त्याने तुला पाहिलं असणार.”

सुया टोचायला ती शिकली तीही काळजीपोटीच. आसपासच्या क्लबांमध्ये त्याचं वेड आलं होतं. खेळाडू कुठूनकुठून टोचून येत आणि निळे-काळे डाग घेऊन तिच्याकडे येत. तिने विचार केला, कुणी तरी टोचणारच आहे, तर निदान नीट शिकलेल्या हातांनी टोचावं. ती शिकली. सुई केसासारखी बारीक आणि कोरडी. तिच्यातून औषध जात नाही, बाहेर काही येत नाही. स्नायूत जिथे गाठ धरलेली असते तिथे ती शिरवायची आणि जरा खालीवर करायची. गाठ बरोबर सापडली तर स्नायू पाण्यातल्या माशासारखा फडकन उडतो आणि मग सैल पडतो. एक-दोन दिवस ठणका, नंतर आराम. मात्र ती प्रत्येकाला बजावायची, “सुई फक्त दार किलकिलं करते. आत जायचं काम व्यायामाचं. व्यायाम केला नाहीत तर दार परत बंद.”

तिच्याकडे येणाऱ्यांत एक होती चिमणी. चिमणी हे तिचं मैदानावरचं नाव, आणि ते ठेवणाऱ्याला विनोदाची चांगली जाण असणार, कारण पोरीचे खांदे दारात मावत नसत. भालाफेक करायची. सकाळी पार्सलच्या गोदामात खोकी उचलायची, दुपारनंतर मैदानावर यायची. बोलायला लागली की थांबायची नाही, आणि दुखत असलं की मात्र तोंडातून शब्द नाही. सुईताईला तिच्याबद्दल हीच भीती वाटायची. बडबड्या माणसाची चिंता नसते, पण ही गप्प बसली की समजायचं, काही तरी आहे.

त्या वर्षी हिवाळ्यापासून तिचा उजवा खांदा धरला होता. भाला मागे नेऊन हात ताणला की मागच्या बाजूने कळ यायची. सुईताईने तिला फेकणं बंद करायला लावलं, पट्ट्यांचे व्यायाम दिले, पाठ मजबूत करायला लावली. फरक पडला, पण पुरता नाही. मग तिने खांद्याच्या मागच्या चपट्या हाडावरच्या स्नायूत सुया टोचल्या. तिथे टोचताना ती निर्धास्त असे. खाली हाड असतं. सुई फार तर हाडावर टेकते, पलीकडे जायला वाटच नाही. चिमणीला बरं वाटलं. हात वर जायला लागला, भाला पुन्हा लांब पडायला लागला.

पण एक जागा राहिली होती. मानेपासून खांद्याकडे जो उतार येतो, तिथला स्नायू दोरखंडासारखा ताठ होता. चिमणी रोज म्हणायची, “ताई, खरी गाठ इथेच आहे. इथेच टोचा ना.”

सुईताई टाळायची. त्या उताराखाली हाडाची ढाल नसते. फुप्फुसाचा वरचा शेंडा तिथे माणसाला वाटतं त्यापेक्षा बराच वर येतो. स्नायू चिमटीत उचलून धरायचा आणि सुई आडवी त्या चिमटीतच ठेवायची, हे ती शिकली होती, बऱ्याच जणांवर करतही होती. तरी दुखणं लपवणाऱ्या या पोरीवर करायला ती धजत नव्हती.

“तिथे मी मसाज करते, शेक देते,” ती म्हणायची. “सुई नको. खाली फुप्फुस आहे.”

भाल्याचे कोच सर मग खोलीत यायचे. माणूस वाईट नव्हता. चिमणी शाळेत दगड लांब फेकते म्हणून तिला मैदानावर आणणारे तेच. पण त्यांचा आवाज मोठा आणि धीर छोटा. “मॅडम, रविवारी निवड चाचणी आहे. पोरगी तीन वर्षं यासाठी घासतेय. तुम्हीच अशा घाबरलात तर तिने कुणाकडे जायचं? तो बसस्टँडजवळचा टोचणारा आहेच.”

हे शेवटचं वाक्य तिला लागलं. त्या टोचणाऱ्याचे निळे-काळे डाग तिने पाहिले होते. अखेर गुरुवारी दुपारी तिने हो म्हटलं.

तिने चिमणीला पालथं झोपवलं, हात धुतले, त्वचा पुसली. “काही झालं तरी हलायचं नाही,” ती म्हणाली. “खोकला आला तर आधी सांग. शिंक आली तर आधी सांग.”

“आणि हसू आलं तर?”

“तर मी बाहेर जाते, हसून घे.”

पहिली सुई नीट गेली. स्नायू फडकला, चिमणी “आई गं” म्हणाली आणि मग सुस्कारा सोडला. दुसरी सुई थोडी आतल्या बाजूला. सुईताईने चिमटी धरली, सुई आत सरकवली, आणि तेवढ्यात दार धाडकन उघडलं. कोच सर हातात वेळापत्रक घेऊन, “अगं, तुझा नंबर पहिल्या गटात आहे!” असं ओरडत आत आले.

चिमणी दचकली. खांदा वर उचलला गेला. सुईताईच्या चिमटीतून स्नायू निसटला. तिने क्षणात सुई बाहेर काढली. रक्ताचा टिपूस नाही. सुई वाकलेली नाही. पण तिच्या बोटांना काही तरी जाणवलं होतं. की नव्हतं? नंतर हजार वेळा तिने आठवून पाहिलं, आणि दर वेळी उत्तर वेगळं आलं.

“सर, बाहेर!” ती इतक्या जोरात म्हणाली की कोच सर खरंच बाहेर गेले.

तिने चिमणीला उठवून बसवलं. “श्वास घे. खोल. दुखतं?”

“नाही.”

“परत घे. खोकून दाखव.”

“ताई, मी ठीक आहे. उलट हलकं वाटतंय.” चिमणीने हात गोल फिरवून दाखवला.

तिने स्टेथोस्कोप लावून दोन्ही बाजू ऐकल्या. श्वास दोन्हीकडे सारखा. थोडा वेळ तिला तिथेच बसवून ठेवलं, परत ऐकलं. मग दहादा बजावलं. छातीत किंवा पाठीत टोचलं, श्वास अडला, कोरडा खोकला आला, तर मैदानावर नाही, गोदामात नाही, सरळ दवाखान्यात. आणि मला फोन. चिमणी मान डोलवत होती. पण मान डोलवणारा माणूस ऐकतोच असं नाही, हे सुईताईला तिच्या धंद्याने शिकवलं होतं.

संध्याकाळी घरी आल्यावर तिने भाजी चिरायला घेतली आणि सुरी हातात धरून तशीच उभी राहिली. नवरा बूट काढत होता.

“काय झालं?”

तिने सांगितलं. त्याने मध्ये न बोलता सगळं ऐकलं. मग म्हणाला, “फोन केलास?”

“दोनदा. उचलत नाही.”

“कामात असेल.”

“तू तसंच म्हणणार. तुझ्या डोक्यात लिफ्ट सोडून काही अडकतच नाही.” तिला आपलंच बोलणं कडू लागलं. तिने पुन्हा फोन लावला. घंटी वाजत राहिली. सुई फुप्फुसाला लागली तर होणारी हवेची गळती कशी असते, तिला माहीत होतं. पहिल्यांदा काहीच कळत नाही. माणूस हसत घरी जातो, जेवतो. हवा हळूहळू फुप्फुसाच्या बाहेर साठत जाते आणि फुप्फुस आत आत दबत जातं. काही तासांनी टोचायला लागतं. कधी तेवढ्यावरच थांबतं, कधी थांबत नाही. आणि सुई टोचल्यावर साधा ठणकाही येतोच, तोही तिथेच. दोन्हीतला फरक लांबून कळत नाही.

नवरा तिच्याकडे बघत होता. आजवर तिच्या शेकडो काळज्या त्याने हसण्यावारी नेल्या होत्या. या वेळी त्याने काढलेले बूट परत घातले.

“पत्ता माहीत आहे ना? चल.”

“अरे, पण नुसती माझी शंकाच असली तर?”

“तर चहा पिऊन परत येऊ. इथे उभी राहून ती सुरी कुणाच्या तरी पायावर पाडशील.”

चिमणी आणि तिची आई, दोघीच राहायच्या. आईचं घराच्या पुढच्या खोलीत केस कापायचं दुकान. एक खुर्ची, एक आरसा, बाकावर जुनी मासिकं. ही दोघं पोचली तेव्हा खुर्चीत एक बाई गळ्याभोवती कापड गुंडाळून बसल्या होत्या, अर्धे केस कापलेले, अर्धे लांब.

“मॅडम? तुम्ही?” आईने ओळखलं. वर्षभरापूर्वी बक्षीस समारंभात भेटल्या होत्या. “बसा ना. पोरगी गोदामात गेलीय, आज दुसरी पाळी घेतलीय तिने. रविवारची सुट्टी हवी म्हणून.”

सुईताई बसता बसता उभी राहिली. “खोकी उचलायला गेली?”

“मग? तिथे काय गाणी म्हणायला जाते?” आई हसली. मग सुईताईचा चेहरा पाहून तिचं हसू थांबलं. “का हो?”

सुईताईने सांगायला सुरुवात केली. सुई हा शब्द आला आणि आईच्या हातातली कात्री थांबली.

“सुया? कुणी टोचल्या?”

“मी टोचल्या.”

“तिने मला सांगितलं, ताई मालिश करतात.” आईचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला, आणि ते जास्त वाईट होतं. “मी विचारलं होतं तिला. पाठीवर ठिपके दिसले तेव्हा विचारलं होतं. म्हणाली, घामोळं आहे.”

खुर्चीतल्या बाई आरशातून एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत होत्या. कुणालाच त्यांना सांगायचं सुचलं नाही की तुम्ही जा. नवरा दारात उभा राहून गोदामाचा नंबर मागून घेत होता.

फोन करावा लागला नाही. जिन्यावर पावलं वाजली. चिमणी दारात आली, पार्सलवाल्यांचा जाड अंगरखा खांद्यावर, आणि दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. दुसऱ्या मजल्यापर्यंत जिना चढून आली होती. एरवी ती तो जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढायची. आज तिचं तोंड उघडं होतं.

“लवकर आलीस?” आईने विचारलं.

“बरं वाटत नव्हतं थोडं.” मग तिला सुईताई दिसली आणि ती गप्प झाली.

ती गप्प झाली, आणि सुईताईला सगळं कळलं.

“कुठे टोचतंय?”

“कुठे नाही.”

“खोल श्वास घे.”

चिमणीने श्वास घ्यायला सुरुवात केली आणि अर्ध्यातच थांबली. तिने चेहरा सरळ ठेवायचा प्रयत्न केला, पण नाकपुड्या हलल्या. “ठणका आहे, ताई. तुम्हीच म्हणता, ठणका येतो. रविवारनंतर दाखवते ना. सोमवारी सकाळी पहिलं काम.”

“आत्ता.”

“आत्ता दाखवलं तर डॉक्टर सोडणार नाहीत! नुसतं पाहायचं म्हणून दोन दिवस ठेवून घेतील. मग चाचणी गेली. काही नसताना गेली!” बोलताना ती खोकली, कोरडी, आणि तिने हात छातीशी नेला.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. कोच सर. चिमणीने तो सुईताईच्या हातात दिला, जणू निकाल सरांनीच द्यायचा. सुईताईने काय होतंय ते त्यांना सांगितलं.

“मॅडम, राईचा पर्वत करू नका,” ते म्हणाले. “सुई टोचली की दुखतंच. पोरीच्या डोक्यात भीती घातलीत तर ती रविवारी काय फेकणार?”

सुईताईने फोन दुसऱ्या कानाला लावला. आयुष्यभर ती शंकांच्या मागे धावली होती आणि बहुतेक शंका पोकळ निघाल्या होत्या. कोच सर म्हणत होते ते खरंही असू शकत होतं. छातीचा एक्स-रे फोटो काढायचा, आणि त्यात काहीच नसायचं. एका काळजीखोर बाईने पोरीचं तीन वर्षांचं काम पाण्यात घातलं, असं सगळं मैदान म्हणायचं. ती स्वतःही म्हणाली असती.

“सर,” ती म्हणाली, “मी चुकीची ठरले तर तुम्ही मला मैदानावर उभं करून चुकीची म्हणा. पण मी तिला घेऊन चालले.” आणि फोन ठेवून दिला.

आईने त्या बाईंच्या गळ्याभोवतीचं कापड सोडलं. “उरलेले उद्या कापते,” ती म्हणाली. बाई अर्ध्या केसांनी उठल्या आणि हूं की चूं न करता निघून गेल्या.

दवाखान्यात तपासणारा डॉक्टर तरुण होता, डोळ्यांखाली झोप साठलेली. त्याने विचारलं, “कसं झालं?” चिमणी म्हणाली, “खोकं उचलताना.” सुईताई पुढे झाली. “खोकं नाही. मी फिजिओ आहे. आज दुपारी मी तिच्या खांद्याच्या वरच्या भागात कोरडी सुई टोचत होते. ती हलली तेव्हा सुई आत होती.” हे वाक्य बोलायला तिला जिना चढण्याइतके श्रम पडले. डॉक्टरने एकदा तिच्याकडे पाहिलं, लिहिलं, आणि चिमणीला छातीच्या फोटोसाठी पाठवलं.

मग वाट बघणं. लांब बाकावर एका टोकाला आई, दुसऱ्या टोकाला सुईताई, मध्ये नवरा. समोर भिंतीवर हात कसे धुवावेत याचं चित्र. सुईताईने ते चित्र इतक्या वेळा वाचलं की अक्षरांचा अर्थ निघून गेला. आपण आधीच ‘नाही’ का म्हटलं नाही. दाराला कडी का नाही लावली. त्या बसस्टँडवाल्याच्या भीतीने आपण हो म्हटलं, की कोच सरांच्या मोठ्या आवाजाने? तिला हे आत्ता ठरवायचं होतं, आणि ठरत नव्हतं. एकदा तिने आईकडे वळून “मला फार—” अशी सुरुवात केली. आईने मान न वळवता हात वर केला. आत्ता नको.

डॉक्टर बाहेर आला. “गळती आहे,” तो म्हणाला. “लहान आहे. फुप्फुसाच्या वरच्या कडेला हवेची पातळ पट्टी दिसते. नळी घालायची गरज आत्ता तरी वाटत नाही. ऑक्सिजन लावू, रात्रभर लक्ष ठेवू, सकाळी परत फोटो काढू.”

“रविवारी तिला भाला फेकायचाय,” आई म्हणाली. तिला स्वतःलाच कळलं की आपण हे काय बोलतोय, पण बोलून गेली.

“भाला?” डॉक्टर पहिल्यांदाच नीट जागा झाला. “आता काही आठवडे तिने पिशवीसुद्धा उचलायची नाही. आज रात्री घरी झोपली असती आणि रविवारी जोर लावला असता, तर मी तुमच्याशी असं उभं राहून बोलत नसतो.”

नवऱ्याने हळूच सुईताईच्या पाठीवर हात ठेवला. तिला रडू येत नव्हतं. शंका खरी निघाली तर सुटल्यासारखं वाटेल, असं तिला कुठे तरी वाटलं होतं. तसं काही वाटलं नाही.

चिमणीची हवा आपोआप जिरली. सकाळच्या फोटोत पट्टी वाढली नव्हती, पुढच्या फोटोत ती जवळजवळ दिसेनाशी झाली. पण निवड चाचणी तिच्याशिवाय झाली. तिच्यापेक्षा कमी लांब फेकणारी एक मुलगी संघात गेली.

सुईताईने स्वतःच मैदानाच्या कार्यालयात जाऊन सगळं सांगितलं. त्यांनी चौकशी केली, कोच सरांनाही बोलावलं. ही इजा माहीत असलेली आहे, खेळाडूला आधी सांगितलेलं होतं, पुढे काळजी घ्या, असं म्हणून प्रकरण मिटवलं. दाराला आतून कडी बसवून दिली. कोच सर नंतर तिच्या दाराशी आले, बराच वेळ कडी खालीवर करत उभे राहिले आणि म्हणाले, “मॅडम, मी दार वाजवायला हवं होतं.” तेवढंच. ती म्हणाली, “मी ‘नाही’ म्हणायला हवं होतं.”

सुया तिने कपाटात टाकल्या. कुणी मागितल्या तर म्हणायची, संपल्यात. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, पण तिने ताकच सोडलं. चाळीस पंचेचाळीस मिनिटं एकेकाच्या पाठीवर अंगठ्यांनी जोर देऊन तिचेच अंगठे दुखायला लागले. नवरा एकदा म्हणाला, “मीही एकदा पडलोय, तुला माहीत आहे.”

तिला माहीत नव्हतं. “कधी?”

“लग्नाआधी. एका मजल्यावरून. घोटा गेला होता. पुढच्या महिन्यात परत त्याच खोबणीत उतरलो. भीती गेली म्हणून नव्हे. पट्टा दोनदा बांधून उतरलो.”

“आणि तुला झोप लागते?”

“उतरताना लागत नाही ना. म्हणून रात्री लागते.”

डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर चिमणी परत आली. दारात डोकं आपटलं, पलंगावर बसली आणि नेहमीसारखी बडबड सुरू केली. गोदामात मुकादमाने तिला बसून चिठ्ठ्या चिकटवायचं काम दिलं होतं, आणि त्या कामाने ती खांदादुखीपेक्षा जास्त आजारी पडली होती. सुईताईने तिला शून्यापासून सुरू करायला लावलं. आधी नुसते हात, मग पट्ट्या, मग हलका चेंडू भिंतीवर. आई दोन-तीन वेळा तिच्याबरोबर आली. यायची, कोपऱ्यात बसायची, सगळं बघायची, सुईताईशी कामापुरतं बोलायची. एकदा तिने विचारलं, “हा व्यायाम घरी चुकत असेल तर मला कसं कळेल?” सुईताईने तिला पोरीच्या पाठीवर हात ठेवून दाखवलं, कुठलं हाड कसं सरकलं पाहिजे ते. केस कापणाऱ्या बाईची बोटं, तिला एकदाच दाखवावं लागलं.

भाला हातात आल्यावर मागची कळ परत डोकावली. पूर्वीइतकी नाही, पण होती. चिमणी पालथी पडून म्हणाली, “ताई, हाडावरची तेवढी करा ना. वरची नको. ती मी जन्मात मागणार नाही.”

सुईताईने तिच्या खांद्यावरचा हात काढला. “तुझ्या आईला विचार.”

आई कोपऱ्यातच होती. ती उठली, दाराची कडी लावली आणि दाराला पाठ टेकून उभी राहिली. “करा,” ती म्हणाली. “पण मी इथून हलणार नाही.”

सुईताईने कपाट उघडलं. हात धुताना तिने नळ बराच वेळ चालू ठेवला. बोटांनी चपट्या हाडाच्या कडा तीन वेळा चाचपल्या, चौथ्यांदाही. सुई गेली, हाडाच्या जरा वर थांबली, स्नायू उडाला. तिने श्वास सोडला तेव्हा तिच्या लक्षात आलं की खोलीतल्या तिघींनी एकदमच सोडला होता. त्यानंतर तिने सुया परत सुरू केल्या, पण त्या उतारावर कधीच नाही. कुणी कितीही म्हटलं, कुठल्याही टोचणाऱ्याचं नाव घेतलं, तरी नाही.

पुढच्या वर्षीच्या चाचणीला ती पायऱ्यांवर जाऊन बसली. पाय बघायची सवय, त्यामुळे अख्खी माणसं धावताना पाहून तिला गरगरल्यासारखं झालं. चिमणीचा नंबर आला की ती खाली बघायची. शेजारी बसलेली आई मात्र डोळे फाडून बघायची आणि दर फेकीला सुईताईच्या मनगटावर नखं रुतवायची. चिमणीला संघात जागा मिळाली. पहिली नाही आली, तिसरी आली, पण तेवढ्यावर भागत होतं. कोच सर मैदानाच्या मधोमध उभे राहून ओरडत होते, आणि या वेळी कुणाला त्याचं काही वाटलं नाही.

चिमणी घामाने निथळत जाळीजवळ आली. आईने तिला जाळीतूनच धरलं. सुईताईला विचारायचा धीर होत नव्हता, तरी तिने विचारलं, “खांदा?”

“खांदा एकदम फर्स्ट क्लास, ताई.” चिमणी हसली आणि मग एकदम गप्प झाली.

सुईताई उठून उभी राहिली. “काय?”

“काही नाही.”

“चिमणे.”

“थोडं कोपर दुखतंय. शेवटच्या फेकीला.”

“आतून की बाहेरून?” सुईताईने जाळीच्या भोकातून हात घातला. “सरळ कर. बोटं सुन्न पडतायत का? नीट सांग, गप्प बसू नकोस.”